बाळंतिणीचं डोकं दुखतं तेव्हा...

पक्षाघाताला आपल्याकडे 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. शेजारचे कन्नड भाषक 'पार्श्ववायू' म्हणतात. भाषा बदलली तरी वारा काही सुटत नाही! प्रत्यक्षात मेंदूचा रक्तपुरवठा अडतो किंवा रक्तवाहिनी फुटते, त्याचा हा झटका.

हा आजार स्त्री-पुरुषांना सारखा वागवत नाही. पन्नाशीपर्यंत तो पुरुषांना जास्त गाठतो. स्त्रीच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्तवाहिन्या सैल, लवचीक ठेवतं. अंडाशय काढलेल्या उंदरांच्या माद्यांमध्ये झटक्यानंतर मेंदूची हानी अधिक होते आणि इस्ट्रोजेन दिलं की कमी होते, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

पण हेच संप्रेरक गरोदरपणात भरमसाट वाढतं आणि रक्त लवकर गोठू लागतं. प्रसूतीत रक्तस्राव आवरावा म्हणून निसर्गाने केलेली ही सोय! बाळंतपणानंतरही सुमारे सहा आठवडे तिचा प्रभाव राहतो. त्यात अंगातलं पाणी कमी झालं, तर मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होऊ शकते.

आणि पाणी कमी करण्यात तर आपला हात कोण धरणार? माझ्या माहेरी, भालकी तालुक्यात, बाळंतिणीला पाणी मोजून मिळे. बाजेखाली शेगडी, कानाला फडकं, वर बीदरचा उन्हाळा. माझ्या चुलत बहिणीचं डोकं बाराव्या दिवसापासून ठणकू लागलं. 'कानात वारं शिरलं,' म्हणत काकूने शेक वाढवला. तिसऱ्या दिवशी तिला झटके आले, उजवा हात लुळा पडला. तेव्हा कुठे जीप ठरवून तिला सोलापूरला नेलं. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं सुरू झाली आणि चार महिन्यांत ती भाकरी थापू लागली.

हे निव्वळ नशीब नव्हे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या, 21 देशांतल्या 624 रुग्णांच्या अभ्यासात या शिरेच्या गुठळीचे सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण स्त्रिया होत्या. पुढे हीच माहिती स्त्री-पुरुष अशी वेगळी करून पाहिली, तेव्हा 81 टक्के स्त्रिया पूर्ण बऱ्या झालेल्या आढळल्या. पुरुष 71 टक्के. बाळंतपण किंवा संप्रेरकाच्या गोळ्या हे कारण असलं, की ते कारण सरतं आणि बाई सावरते. मात्र निदान वेळेत व्हायला हवं. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये डॉ. डी. नागराज यांनी बाळंतिणींच्या या आजारावर 1980 च्या दशकातच लिहिलं होतं. हैदराबादच्या निम्समधल्या 428 रुग्णांच्या नोंदींत (2012) मात्र पुरुष निम्म्याहून थोडे अधिक निघाले, तेव्हा पुरुषांनीही निर्धास्त राहू नये.

गोळ्यांचंही सांगायला हवं. गाणगापूरला जायचं, घरात लग्न आहे, गौरी बसायच्या आहेत, की पाळी पुढे ढकलणारी गोळी दुकानातून परस्पर आणली जाते. रक्तदाब असलेल्या किंवा पूर्वी गुठळी झालेल्या बाईने ती डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच. अर्धशिशीत डोळ्यांपुढे झगमगाट होत असेल तर अधिकच.

पाळी गेल्यावर ते संरक्षण ओसरतं. मग गोळीने इस्ट्रोजेन परत द्यावं, असं पूर्वी अनेकांना वाटे. अमेरिकेत 50 ते 79 वयाच्या हजारो स्त्रियांवर तसं करून पाहिलं, तर पक्षाघात वाढले. 2002 आणि 2004 मध्ये ते प्रयोग मुदतीआधी थांबवावे लागले. उंदरांना जमलं ते उतारवयातल्या बाईला जमलं नाही.

बायका जास्त जगतात, म्हणून त्यांना हा झटका उतारवयात येतो आणि त्या अधिक परावलंबी होतात. यात संप्रेरकांइतकाच वाटा एकटेपणाचाही असावा, असं मला वाटतं. धमनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मुलं पुण्या-हैदराबादला, म्हातारी औरादच्या वाड्यात एकटी. ती रात्री केव्हा पडली हे सांगणारं कुणी नसतं आणि डॉक्टर तर वेळ मोजतात ती तिला शेवटचं धडधाकट पाहिलं तेव्हापासून.