478 किलोमीटर सरळ रूळ, पण या रेल्वेनं पाणी कुणाचं उपसलं?

ऑस्ट्रेलियाच्या नलारबॉर पठारावर रेल्वेचा रूळ सलग 478 किलोमीटर सरळ जातो. एकही वळण नाही! पोर्ट ऑगस्टा ते कालगुर्ली हा मार्ग 1912 ते 1917 मध्ये बांधला गेला. काही सामान उंटांवर.

खरी अडचण पाण्याची. वाटेत नदी नाही आणि बोअरचं पाणी खारट. त्यानं वाफेच्या इंजिनांचे बॉयलर खराब व्हायचे. गोडं पाणी होतं उल्डियाच्या वाळूखाली. हजारो वर्षं तिथले आदिवासी त्यावरच तहान भागवत होते. रेल्वेनं विहिरी खोदून ते उपसलं. या खोदकामात पाणी धरून ठेवणारा खालचा चिकणमातीचा थरच फुटला आणि 1926 पर्यंत झरा निकामी झाला.

पाणी न लागणारी डिझेल इंजिनं आली 1951 मध्ये.