दूरशिक्षणातील पदव्युत्तर अभ्यास आणि गृहस्थाची उट्ठानसम्पदा

साखरखेर्डा येथील एका वाचकाचे पत्र काही दिवसांपूर्वी आमच्याकडे आले. पत्रलेखक प्राथमिक शिक्षक आहेत, वय चाळिशीच्या आसपास, घरी वृद्ध आई आणि शिकती मुले आहेत. नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून एम. ए. करावे असे त्यांच्या मनात आहे. त्यांनी दोन प्रश्न विचारले आहेत. घरी राहून मिळविलेली पदवी खरी पदवी मानली जाते काय, हा पहिला. दुसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे. संसारी उपासकाने या वयात स्वतःच्या उन्नतीचा असा ध्यास धरणे ही तृष्णाच नव्हे काय? हे प्रश्न एकट्या त्यांचे नाहीत. आमच्या अनेक वाचकांच्या मनात ते असतील, म्हणून त्यांचे उत्तर प्रस्तुत लेखात देत आहोत.

दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करणे योग्य होईल, कारण पाली साहित्यात तो फार पूर्वी विचारला गेला आहे. अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातात दीघजाणु नावाच्या कोलिय गृहस्थाची कथा येते. भगवान कक्करपत्त नावाच्या कोलियांच्या निगमात, म्हणजे बाजारपेठेच्या गावी, असताना दीघजाणु त्यांच्याकडे गेला. आपण मुलाबाळांत राहणारे, सुखोपभोग घेणारे संसारी लोक आहोत. आपणांस इहलोकी व परलोकी हितकर होईल असा धम्म सांगावा, अशी त्याने विनंती केली. भगवंतांनी त्याला संसार सोडावयास सांगितले नाही. इहलोकीच्या हितासाठी त्यांनी चार गोष्टी सांगितल्या : उट्ठानसम्पदा, आरक्खसम्पदा, कल्याणमित्तता आणि समजीविता. शेती, व्यापार, गोपालन, राजसेवा अथवा कोणतेही शिल्प, ज्यावर उपजीविका चालते त्यात दक्ष व निरलस असणे आणि ते अधिक चांगले कसे होईल याचा विचार करणे, हा उट्ठानसम्पदेचा आशय आहे. आज ज्याला व्यावसायिक विकास म्हणतात, तो याहून वेगळा नाही.

येथे छन्द आणि तण्हा यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. मराठीत छंद म्हणजे विरंगुळा; पालीत छन्द म्हणजे करण्याची इच्छा. चार इद्धिपादांत पहिले स्थान छन्दालाच आहे. मिळविण्यासाठी आणि मिरविण्यासाठी केलेली धडपड तृष्णेच्या बाजूस जाते. चांगले काम अधिक चांगले करता यावे म्हणून केलेला प्रयत्न कुशल छन्दाच्या बाजूस येतो. पदवी तीच असते, हेतू निराळा असतो. तो हेतू विद्यार्थ्याने स्वतःच तपासावयाचा आहे.

आता पहिला प्रश्न. महाविद्यालयात न जाता पदवी मिळविण्याची वाट नवी नाही. लंडन विद्यापीठाने 1858 मध्येच आपल्या परीक्षा बाहेरील विद्यार्थ्यांस खुल्या केल्या. भारतात दिल्ली विद्यापीठाने 1962 मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. हैदराबाद येथे 1982 मध्ये स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठास 1991 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यात आले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985 मध्ये आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्ड्यासारख्या गावी या वाटेचे मोल विशेष आहे. बुलढाणा जिल्हा 1983 पूर्वी नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होता. त्यानंतर तो अमरावती विद्यापीठाकडे आला. विद्यापीठ जवळ आले खरे, परंतु नोकरी करणाऱ्या माणसास, आणि त्याहून अधिक घरची जबाबदारी वाहणाऱ्या स्त्रीस, अमरावतीही दूरच राहिली.

शिक्षणाने कष्टकऱ्याच्या वेळेप्रमाणे आपली वेळ ठरवावी, हा विचार आपल्या चळवळीस परका नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. स्वतः बाबासाहेबांचे उच्च शिक्षणही अखंड झालेले नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये त्यांस लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे जमविले, 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, 1921 मध्ये एम. एस्‌सी. आणि 1923 मध्ये डी. एस्‌सी. झाले. ते दूरशिक्षण नव्हते. पण खंडित अभ्यास नोकरीच्या आधाराने पुन्हा जोडता येतो, याचा तो दाखला आहे.

पदवीच्या मान्यतेविषयी स्थिती स्पष्ट आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाने नियमानुसार दूरशिक्षणातून दिलेली पदवी व पदव्युत्तर पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केले. पाली हा आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा विषय आहे. या परीक्षेस पदव्युत्तर पदवीत सर्वसाधारण उमेदवारास 55 टक्के आणि अनुसूचित जातीच्या उमेदवारास 50 टक्के गुण लागतात. 1990 च्या कायदादुरुस्तीनंतर अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांनाही लागू आहेत, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. पीएच. डी. मात्र दूरशिक्षणाने करता येत नाही.

येथेच आरक्खसम्पदेचा प्रश्न येतो. कष्टाने मिळविलेले धन राजा, चोर, अग्नी व जल यांपासून राखावे असे भगवंतांनी दीघजाणूस सांगितले. विद्यार्थ्याचे धन म्हणजे शुल्क आणि त्याहून मौल्यवान अशी वर्षे. कोणत्याही अभ्यासक्रमास प्रवेश घेण्यापूर्वी ते विद्यापीठ, तो अभ्यासक्रम आणि ते सत्र आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे किंवा नाही, हे स्वतः पाहावे. विद्यापीठ मान्य असले तरी त्याचा प्रत्येक अभ्यासक्रम दूरशिक्षणासाठी मान्य असतोच असे नाही. मध्यस्थाच्या शब्दावर विसंबू नये. शुल्क विद्यापीठाच्याच खात्यावर भरावे आणि पावती जपून ठेवावी.

समजीविता म्हणजे आय आणि व्यय यांचा तोल. तराजू धरणाऱ्यास पारडे किती झुकले हे जसे कळते, तसे गृहस्थास आपला तोल कळला पाहिजे, असा दृष्टान्त सुत्तात आहे. दूरशिक्षणात हा तोल पैशापेक्षा तासांचा असतो. एक श्रेयांक म्हणजे सुमारे 30 तासांचा अभ्यास. 80 श्रेयांकांचा अभ्यासक्रम धरला तर 2400 तास होतात. दोन वर्षांत तो पुरा करावयाचा तर आठवड्यास सुमारे 23 तास लागतील. चार वर्षांत केला तर साडेअकरा. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येतो. आमच्या पत्रलेखकांस आमचा सल्ला असा की त्यांनी ही सवलत आरंभीच हिशेबात धरावी. पहाटेचा दीड तास आणि रविवारचे अडीच तास एवढे नेमाने जमले तरी साडेअकरा तास भरतात. पहिल्या वर्षी सर्व विषय अंगावर घेऊन दुसऱ्या वर्षी पुस्तके कपाटात ठेवणारे विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांची बुद्धी कमी नव्हती. तोल चुकला होता.

या अभ्यासाची रीतही समजून घेतली पाहिजे. विद्यापीठ स्वयं-अध्ययनाची पुस्तके देते, अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रे होतात, समंत्रक शंका सोडवितात, विद्यार्थी स्वाध्याय लिहून देतो आणि शेवटी परीक्षा होते. स्वाध्यायास साधारणतः 30 टक्के आणि परीक्षेस 70 टक्के भार असतो. दीघ निकायात पञ्ञेचे तीन प्रकार सांगितले आहेत : सुतमया, चिन्तामया आणि भावनामया. पुस्तक वाचणे आणि समंत्रकाचे ऐकणे ही सुतमया. स्वाध्याय ही चिन्तामयेची जागा आहे. भावनामया पञ्ञा मूलतः ध्यानसाधनेतून येते. तिची तुलना मर्यादेनेच करावयाची. तरीही शिकलेले नित्याच्या कामात उतरविल्याशिवाय ते आपले होत नाही, एवढा बोध तीतून घेता येतो. शिक्षणशास्त्र शिकणाऱ्या शिक्षकाची प्रयोगशाळा त्याचा वर्गच आहे. नियमित विद्यार्थ्यास जे पुढे मिळते, ते याच्या हाती आजच आहे.

म्हणूनच एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. बाजारात तयार स्वाध्याय विकत मिळतात, आणि आपल्या समाजातील काही विद्यार्थी ते उतरवून देतात. पंचशीलाचे दुसरे शील, न दिलेले न घेण्याचे, केवळ वस्तूंपुरते नाही. दुसऱ्याचा विचार आपल्या नावाने देणे हेही त्यात येते, असे आमचे मत आहे. यात मोठी हानी स्वतःचीच होते. सुतमया आणि भावनामया यांमधील पूल मोडतो आणि पदवी कागदापुरती उरते. ज्या समाजास शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्याच्या पहिल्या-दुसऱ्या शिक्षित पिढीस कागदी पदवी परवडणारी नाही.

राहिली कल्याणमित्तता. श्रद्धा, शील, त्याग व प्रज्ञा यांनी संपन्न अशा माणसांची संगत धरावी, त्यांच्याशी बोलावे, त्यांचे गुण घ्यावे, असे सुत्त सांगते. दूरशिक्षणाची खरी उणीव येथे आहे. पुस्तक घरी येते, गुरू-बंधू घरी येत नाहीत. अभ्यास सोडणारा विद्यार्थी कोणास न सांगता सोडतो, कारण विचारणारेच कोणी नसते. ही उणीव विद्यापीठ पूर्णपणे भरून काढू शकत नाही. गावोगावची विहारे ती काढू शकतात. रविवारच्या वंदनेनंतर दोन तास अभ्यासासाठी राखावेत. विषय निराळे असले तरी चालेल. प्रत्येकाने आठवड्यात वाचलेले इतरांस दहा मिनिटांत सांगावे. आधी पदवी घेतलेल्याने नव्याचा स्वाध्याय वाचून दोष दाखवावेत, लिहून देऊ नयेत. भगिनींना येता येईल अशी वेळ ठरवावी आणि त्या वेळी मुलांकडे पाहण्याची जबाबदारी उपासकांनी घ्यावी. यास इमारत लागत नाही, निधी लागत नाही. एक सतरंजी आणि नेम पुरे.

तेव्हा पत्रलेखकांस आमचे उत्तर असे. पदवी खरी आहे, जर विद्यापीठ मान्य असेल आणि स्वाध्याय आपल्या हातचा असेल. ध्यास तृष्णेचा नाही, जर त्याचे फळ आपल्या वर्गातील मुलांपर्यंत पोहोचणार असेल. दीघजाणूने प्रश्न विचारला तेव्हा तो संसारातच होता, आणि उत्तर ऐकून तो संसारातच परतला. साखरखेर्ड्याच्या या शिक्षकानेही प्रवेश-अर्ज भरावा, आणि भरण्यापूर्वी आपल्यासारखा आणखी एक सोबती गावात शोधावा.