गाणाऱ्याच्या नाकाला शस्त्र लागतं तेव्हा

बार्बरा स्ट्रायसँड १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये गाऊ लागली, तेव्हा तिच्या आवाजाइतकीच चर्चा तिच्या नाकाची होत असे. नाक नीट करून घ्यावं असा सल्ला देणारे पुष्कळ होते. तिने तो मानला नाही. त्यामागची जी कारणं तिने पुढे अनेकदा सांगितली, त्यांत एक आवाजाचं होतं. आपल्या नाकातला पडदा वाकडा आहे, त्याला हात लावला तर आवाज बदलेल, ही भीती. १९६४ मध्ये ‘फनी गर्ल’ ब्रॉडवेवर आलं, १९६८ मध्ये त्यावरचा चित्रपट आला आणि त्यातल्या भूमिकेने तिला ऑस्कर मिळवून दिलं. नाक होतं तसंच राहिलं.

नाक सतत चोंदतं म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे गेलेल्या कुठल्याही गाणाऱ्याला हीच धास्ती असते. ‘नाकाचं हाड वाढलंय’ असं आपण म्हणतो. खरं तर बहुतेक वेळा हाड वाढलेलं नसतं. दोन नाकपुड्यांमधला पडदा एका बाजूला झुकलेला असतो, किंवा नाकाच्या बाजूच्या भिंतींवरचे मांसल भाग सुजून फुगलेले असतात. औषधांनी आणि फवाऱ्यांनी भागलं नाही की शस्त्रक्रियेचा विषय निघतो आणि त्यासोबत गाण्याचं काय, हा प्रश्नही. या प्रश्नाला विज्ञानाकडे बरंच स्पष्ट उत्तर आहे. मात्र भीती जिथे आहे तिथे धोका कमी आहे आणि धोका जिथे आहे तिकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं.

हे समजायला एक प्रयोग आत्ताच करून पाहा. आपल्या पट्टीतला षड्ज ‘आ’कारात लावा आणि सूर चालू असतानाच दोन बोटांनी नाक घट्ट दाबा. टाळू नीट उचलला गेला असेल तर आवाजात काहीही फरक पडणार नाही. आता तोंड मिटून ‘म्’ गुणगुणा आणि तसंच नाक दाबा. आवाज क्षणात बंद पडेल. ‘आ’ म्हणताना टाळूचा मागचा मऊ भाग, ज्याच्या टोकाला पडजीभ लोंबते, वर उचलला जातो आणि नाकाकडे जाणारी वाट बंद करतो. सूर स्वरपट्ट्यांतून उठतो, घसा आणि तोंड मिळून होणाऱ्या, प्रौढ पुरुषात साधारण १७ सेंटीमीटर लांबीच्या पोकळीत आकार घेतो आणि ओठांवाटे बाहेर पडतो. नाक म्हणजे या मुख्य रस्त्याला फुटलेला बोळ. त्याचं दार बंद असेल तर आतली भिंत सरळ आहे की वाकडी, याचा सुराला पत्ताही लागत नाही. (नाक दाबल्यावर ‘आ’ बदलला, तर टाळू पुरता उचलला जात नाही असं समजावं. ती गोष्ट शस्त्राने नाही, रियाजाने सुधारायची.)

आपल्याकडची आकाराची तालीम म्हणजे बव्हंशी हे दार बंद ठेवण्याची तालीम. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात गायकाचे २५ दोष सांगितले आहेत आणि नाकात गाणं हा त्यांतला एक. कान तेव्हाही हेच ऐकत होते.

पाश्चात्त्य ऑपेराच्या जगात मात्र दीर्घकाळ उलटी श्रद्धा होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाजलेला पोलिश गायक जाँ द रेश्के तर गाण्याचा सगळा प्रश्न नाकाचाच आहे, असं मानत असे. चेहऱ्याच्या वरच्या भागात, नाकाच्या दोन्ही बाजूंना, सूर थरथरताना जाणवला पाहिजे असं शिकवणारे गुरू आजही आहेत. ती थरथर खरी आहे. मग सायनसच्या पोकळ्यांतच आवाज घुमत असणार, असा निष्कर्ष काढणं सोपं होतं. १९५६ मध्ये अमेरिकेत वुल्ड्रिज यांनी तो तपासला. त्यांनी व्यावसायिक गायकांच्या नाकांत पट्ट्या कोंबून नाकाची वाट बुजवली, त्याआधीचं आणि नंतरचं गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि जाणकारांना ऐकवलं. कोणतं गाणं कोंबलेल्या नाकाचं, ते त्यांना ओळखता आलं नाही. १९६४ मध्ये विल्यम व्हेनार्ड यांनी याच धर्तीवर प्रयोग केला, त्यांचाही निष्कर्ष तोच निघाला. थरथर सुरामुळे होते, सूर थरथरीमुळे होत नाही. तरीही गायकाला ती फार उपयोगाची असते, कारण सूर बरोबर लागल्याची तीच त्याची खूण असते. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

एवढ्यावर नाकाचा हिशेब मिटत नाही. स्वीडनचे योहान सुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपेरा गायकांच्या टाळूची हालचाल दुर्बिणीने पाहिली, तेव्हा काही उत्तम गायक काही सुरांवर नाकाकडचं दार किंचित किलकिलं ठेवतात, असं दिसलं. त्या फटीमुळे खालच्या पट्ट्यातला जोर थोडा कमी होतो आणि ३००० हर्ट्झच्या आसपासची चमक, जिच्या बळावर ऑपेराचा गायक वाद्यवृंदातूनही ऐकू येतो, तुलनेने उठून दिसते. म्हणजे नाकाचा वाटा शून्य नाही. पण तो लहान आहे आणि त्याचं नियंत्रण टाळूकडे आहे.

मग शस्त्रक्रियेने नेमकं काय बदलतं? पडदा सरळ करताना सर्जन नाकपुडीच्या आतून छेद घेतो, पडद्यावरचं अस्तर अलगद उचलतो, वाकलेली कूर्चा आणि हाड काढतो किंवा सरळ करतो आणि अस्तर परत बसवतो. बाहेर व्रण राहत नाही. बऱ्याचदा नाकात पॅकिंग घालतात आणि एक-दोन दिवसांनी काढतात. त्या काळात ‘माझं नाव’ म्हणायला गेलं की ‘बाझं दाव’ होतं. म, न, ण यांना नाकाची वाट लागते. ती बुजली की म चा ब आणि न चा द होतो. पॅकिंग निघालं तरी सूज आणि खपल्या काही आठवडे राहतात आणि तोवर अनुनासिक अक्षरं दबलेली वाटतात. सूज उतरली की ती पूर्वीपेक्षा मोकळी होतात. टिकणारा फरक पडलाच, तर तो मुख्यतः याच अक्षरांत पडतो.

गायकाला मात्र याहून जास्त फरक जाणवतो. ओळखीच्या जागी थरथर नसते, श्वास नाकातून थंड आणि सहज जातो, स्वतःचा आवाज आतून वेगळा ऐकू येतो. श्रोत्याला काही कळत नसतं आणि गायक घाबरलेला असतो. अशा वेळी जुनी जाणीव परत आणण्यासाठी तो घशावर जोर देऊ लागला, तर इजा त्या जोराने होते. मला हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग वाटतो आणि शस्त्रक्रियेआधी त्याबद्दल कुणीतरी बोलायला हवं.

गाण्यासाठी नाकाचं खरं काम वेगळंच आहे. ते हवा गाळतं, कोमट करतं आणि ओलावतं. नाक बंद म्हणून रात्रभर तोंडाने श्वास घेणाऱ्याच्या स्वरपट्ट्या कोरड्या पडतात आणि कोरड्या पट्ट्या हलवायला फुप्फुसांना जास्त दाब द्यावा लागतो. मागच्या बाजूने घशात उतरणारा शेंब, त्यामुळे सारखं खाकरणं, हेही पट्ट्यांवर आघात करत राहतं. म्हणून नीट केलेली शस्त्रक्रिया गाण्याला मदतच करते. उलट नाकाच्या बाजूच्या भिंतींवरच्या मांसल भागांची फार छाटणी झाली तर नाक कायमचं कोरडं पडू शकतं, त्यामुळे अनुभवी सर्जन तिथे हात राखून काम करतो. नाक दिसायला लहान, निमुळतं करण्याच्या शस्त्रक्रियेत हवेची वाट अरुंद होण्याचा धोका असतो. स्ट्रायसँडला गमवावं लागलंच असतं, तर बहुधा श्वासाचं सुख गमवावं लागलं असतं, आवाजाचा पोत नाही.

सायनसमध्ये आवाज घुमत नसला तरी गुणगुणण्याचा सायनसशी एक सुंदर संबंध आहे. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ मध्ये दाखवलं की, शांतपणे श्वास सोडताना नाकातून जितका नायट्रिक ऑक्साइड बाहेर येतो, त्याच्या सुमारे १५ पट गुणगुणताना येतो. हा वायू सायनसमध्ये तयार होतो आणि गुणगुणण्याच्या कंपनांनी तिथली हवा खेळती होते.

आता खऱ्या धोक्याकडे. पूर्ण भूल दिली तर श्वासासाठी एक नळी बहुधा थेट दोन स्वरपट्ट्यांच्या मधून श्वासनलिकेत घातली जाते. शस्त्र नाकात चालतं, पण नळी गाण्याच्या मुळावर टेकलेली असते. नंतर काही दिवस आवाज बसणं नेहमीचं आहे आणि तो बहुधा आपोआप सुटतो. क्वचित मात्र पट्टीला किंवा तिच्या सांध्याला इजा होते. म्हणून सर्जनला सांगून थांबू नये. आपण गातो हे भूलतज्ज्ञाला स्वतः सांगावं. कमी जाडीची नळी, पट्ट्यांच्या वरच राहणारा मास्क किंवा पडद्याच्या शस्त्रक्रियेत कधी कधी नुसती स्थानिक भूल, असे पर्याय त्यांच्याकडे असतात.

स्वरपट्ट्यांवरच शस्त्र चाललं तर काय होऊ शकतं, हे ज्युली अँड्र्यूजच्या बाबतीत जगाने पाहिलं. १९९७ मधल्या अशा शस्त्रक्रियेनंतर तिचा गाता आवाज परतला नाही. नाकाच्या शस्त्रक्रियेला त्या पंक्तीत बसवणं चूक आहे. टॉन्सिल, अॅडेनॉइड किंवा घोरणं थांबवण्यासाठी टाळूवर केलेल्या शस्त्रक्रिया मात्र गाणाऱ्याने जास्त गंभीरपणे घ्याव्यात, कारण तिथे दारालाच हात लागतो.

शस्त्रक्रियेनंतर नाक शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही आणि वरच्या सप्तकात जोर लावायचा नाही, कारण दाब वाढला की रक्त येऊ शकतं. रियाज कधी सुरू करायचा ते सर्जन नाक तपासून सांगतील. शस्त्रक्रियेआधी स्वरयंत्राची दुर्बिणीने तपासणी करून नोंद ठेवावी, म्हणजे नंतर काही वेगळं दिसलं तर ते आधीपासून होतं का, हे कळेल. आणि आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा. त्याच पट्टीत, त्याच खोलीत, एक आकारातली सरगम आणि एखादी म-न भरपूर असलेली बंदिश. तीन महिन्यांनी तेच पुन्हा गाऊन दोन्ही मुद्रणं गुरूंना ऐकवावीत आणि आधीचं कोणतं ते त्यांना सांगू नये.