कॅमेरा: भटकंतीचा आणि पोटापाण्याचा

पावसाळ्यात हरिश्चंद्रगड चढताना पाठीवरचे शंभर ग्रॅमही जाणवतात. म्हणून भटकंतीला एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस कॅमेरा बरा. बॉडी आणि लेन्स दोन्ही आटोपशीर. त्याचा सेन्सर साधारण २४ × १६ मि.मी., तर फुल-फ्रेमचा ३६ × २४ मि.मी. मोठ्या सेन्सरवर जास्त प्रकाश पडतो, त्यामुळे लग्नाच्या मांडवातल्या मंद उजेडातही फोटो कमी दाणेदार होतो.

फोटोग्राफीवरच पोट भरायचं असेल, तर दोन मेमरी कार्डांची सोय बघा. दोन्हींवर एकाच वेळी फोटो उतरवले, की एकानं दगा दिला तरी सप्तपदी शाबूत राहते. लग्न काही पुन्हा लागत नाही. पैसे बेताचे असतील, तर बॉडी वापरलेली घ्या, पण लेन्ससाठी हात आखडू नका. बॉडी जुनी होते. चांगली लेन्स वर्षानुवर्षं साथ देते.