आधी चेंडू पळू द्या

बारामती-इंदापूर भागातल्या मुलांना आधी खो-खो आणि कबड्डी कळते, फुटबॉल मागाहून येतो. शालेय सामन्यात आपल्या पोरानं चेंडू हिसकावला रे हिसकावला की फक्कीच्या रेषेबाहेरून एकच आरोळी उठते : "पुढं हाण!" पालक ओरडतात, राखीव खेळाडू ओरडतात, कधी कधी आम्ही सरही ओरडतो. आणि ज्या मधल्या फळीनं त्या क्षणी डोकं वर करून बघायचं, ती डोळे मिटून लाथ मारते. चेंडू हिसकावल्यावरच्या वेगवान चढाईत मधल्या फळीनं नेमकं काय करायचं याबद्दलचे बरेच गैरसमज या आरोळीतूनच आलेले आहेत.

गैरसमज : वेगवान चढाई म्हणजे लांब हाणलेला चेंडू.

या समजुतीला एकेकाळी आकड्यांचाही आधार मिळाला होता. ब्रिटिश हवाई दलात हिशेबाचं काम करणारे चार्ल्स रीप १९५० पासून सामन्यांतला प्रत्येक पास वहीत टिपू लागले. दहापैकी साधारण आठ गोल तीन किंवा त्याहून कमी पासमध्ये होतात, असं त्यांना आढळलं. इंग्लंडमध्ये त्यावरून अनेकांनी धडा घेतला, की चेंडू लवकर पुढे फेका. पण हिशेबात एक गोष्ट निसटली. मुळात दहातल्या नऊपेक्षा जास्त चाली तीन पासच्या आतच संपतात. म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त चालींमधून ऐंशी टक्के गोल. उरलेल्या थोड्या, लांबलेल्या चालींनी आपल्या वाट्यापेक्षा जास्तच दिलं. पास कमी असणं वाईट नाही. आंधळा पास वाईट. आपल्याकडच्या मुरमाड मैदानावर तर तो उंच टप्पा घेऊन थेट समोरच्या गोलकीपरच्या हातात जातो.

गैरसमज : चेंडू मिळाला की मधल्या सगळ्यांनी पुढे पळायचं.

२ जुलै २०१८, रोस्तोव्ह, विश्वचषकातला बेल्जियम-जपान सामना. बरोबरी २-२, भरपाईच्या वेळेतली अखेरची मिनिटं, आणि कॉर्नर जपानचा. बेल्जियमचा गोलकीपर कुर्त्वा चेंडू झेलतो आणि लाथ न मारता जमिनीवरून डी ब्रॉयनेकडे सोडतो. डी ब्रॉयने मधल्या फळीतला. तो पळतो, पण घाईनं पास देत नाही. समोरचा जपानी खेळाडू अंगावर येईपर्यंत चेंडू पायातच ठेवतो आणि मग उजवीकडे म्युनिएला देतो. दरम्यान बेल्जियमचाच आघाडीवीर लुकाकू यानं आत पळून एका बचावपटूला आपल्यामागे ओढलेलं असतं, म्हणून म्युनिए मोकळा. म्युनिएचा पास आडवा येतो, लुकाकू त्याला पायही लावत नाही, जाऊ देतो. मागून येतो शादली. बदली म्हणून उतरलेला, आपल्याच गोलजवळून धावत निघालेला. गोल. सगळा खेळ दहा-एक सेकंदांचा.

सरावाला येणाऱ्या मुलांना मी हा गोल पुन्हा पुन्हा दाखवतो. डी ब्रॉयनेचा संयम, लुकाकूचं न शिवणं आणि शादलीचं उशिरा पोचणं ही तिन्ही सोबत्याला दिलेल्या आधाराचीच रूपं आहेत. तिघांनी एकाच रेषेत, एकाच वेळी धाव घेतली असती तर जपानचे दोन बचावपटू पुरले असते.

आपल्या मुलांना हे उशिरा निघणं खो-खोतून पटकन कळतं. खो मिळायच्या आधी उठलात तर फाउल. इथेही तसंच : पास सुटण्याआधी चेंडूच्या आणि गोलकीपर धरून शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे गेलात आणि पास तुम्हाला आला की ऑफसाइड. अर्थात स्वतःच्या अर्ध्या भागात ऑफसाइड नसतो, त्यामुळे मागून निघणाऱ्याला वेग घ्यायला पुरेशी जागा असते. उशिरा निघा, पण जोरात निघा.

आणि एकानं मागे राहायचंच. ९ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारत-कोलंबिया सामना झाला. ८२व्या मिनिटाला मधल्या फळीतल्या जीक्सन सिंगनं कॉर्नरवर डोक्यानं बरोबरी साधली. विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं पुन्हा गोल केला आणि सामना २-१ नं जिंकला. गोलच्या आनंदात मन पुढे जातं तेव्हा मागची जागा राखणारा कोणीतरी लागतो. हे काम कमी मोलाचं नाही, आणि ते मुलांना तसं ऐकवलंही पाहिजे.

गैरसमज : सर्वांत जोरात पळणारा पोरगा मधे घ्या.

चेंडू माणसापेक्षा वेगानं जातो आणि दमत नाही. मधल्या खेळाडूचा वेग डोळ्यांत असतो. चेंडू पायात येण्यापूर्वी त्यानं दोन्ही खांद्यांवरून मागे पाहिलेलं असलं की पहिल्याच स्पर्शात तो पुढच्या दिशेला वळतो. स्पेनच्या मधल्या फळीतला झावी हा यातला आदर्श; तो फारशा शर्यती जिंकला नसता.

एकदा सरावात एक मुलगा हिरमुसून म्हणाला, "सर, मी केव्हाचा पळतोय, पास कुठं येतोय?" मी त्याला त्याच्याच जागी थांबवलं आणि चेंडूवाल्याकडे बघायला सांगितलं. दोघांच्या मधोमध बचावपटू उभा. "तुला चेंडूवाला दिसतोय का? मग त्याला तू कसा दिसणार?" तो दोन पावलं बाजूला सरला. पुढचा पास त्यालाच आला. आधार म्हणजे जवळ जाणं नव्हे. फार जवळ गेलं तर आपला पाठलाग करणारा बचावपटूही सोबत येतो. आधार म्हणजे दिसेल अशा कोनात उभं राहणं.

मैदानाला चकरा मारून हे येत नाही. दम वाढतो, नजर वाढत नाही.

म्हणून क्रीडाशिक्षकांना विनंती. उद्या सकाळी फक्कीनं मैदानाच्या मधोमध आडवी रेषा मारा. चार जण चढाईला, तीन बचावाला, आणि चढाईवाल्यांचाच पाचवा रेषेमागे राखणीला. चेंडू मिळाल्यावर शिट्टी वाजवा आणि दहा सेकंद मोजा. चौघांपैकी रेषेमागून उशिरा येणाऱ्यानं गोल केला तर दोन गुण द्या, राखणदार जागा सोडून पुढे आला तर गोल धरू नका. आणि ती दहा सेकंदं बाहेरून कोणालाही, स्वतःलासुद्धा, ओरडू देऊ नका.