बंगळूरची उंची, कारवारची भरती

रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. बंगळूरच्या मॅजेस्टिक स्टेशनावरून रोज लाखभर माणसं जातात, पण त्या ओळीकडे मान वर करून कुणी बघत असेल असं वाटत नाही. शहर साधारण ९०० मीटर उंचीवर आहे, आणि इथल्या गार हवेचं पुष्कळसं श्रेय या आकड्याला जातं. (हवा आता तितकी गार राहिलेली नाही, तो भाग निराळा.) मला प्रश्न पडतो तो वेगळाच. नऊशे मीटर म्हणजे नेमके कुठून? समुद्र तर दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. मग टेपचं टोक धरायचं कुठे?

धरलेल्या जागांपैकी एक आहे कारवार. रात्री बंगळुरात पंचगंगा एक्सप्रेस पकडली की सकाळी माणूस तिथे पोचतो. काळी नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं हे लहानसं गाव. घरात कोंकणी, कचेरीत कन्नड आणि जुन्या पिढीच्या तोंडी शाळेतलं मराठी. रवींद्रनाथ टागोर ऐन विशीत इथे येऊन राहिले होते. त्यांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ इथे न्यायाधीश होते. किनाऱ्याला आज रवींद्रनाथांचंच नाव आहे.

पण कारवारात बघायचं ते पाणी. ओहोटीच्या वेळी नदीच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्या उघड्या पडतात आणि बायका गुडघाभर पाण्यात उतरून तिसऱ्या वेचतात. डोळे लांब कुठेतरी लागलेले असतात आणि पायाची बोटं गाळ चाचपत असतात. बोटांना शिंपला लागला की वाकायचं, उचलायचं, कमरेच्या टोपलीत टाकायचं. बाजूच्या ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरलेली असते. ती इवल्याशा खेकड्यांची करणी. ते वाळू तोंडात घेऊन तिच्यातलं अन्न चाटूनपुसून घेतात आणि उरलेली वाळू गोळी करून मागे टाकतात. पुढची भरती ती सगळी नक्षी पुसते, आणि पाणी उतरलं की खेकडे पुन्हा कामाला लागतात.

अशाच एका बाईंना मी विचारलं, “मावशी, भरती किती वाजता?” त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही, मोबाइलही काढला नाही. “आज तीज,” त्या म्हणाल्या. “म्हणजे सव्वादोन.”

हा हिशेब कोकणपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तिजेची पाऊणपट सव्वादोन, अष्टमीची सहा, पुनवेची सव्वाअकरा. चार-दोन मिनिटं नव्हे, कधी अर्धा-पाऊण तासही इकडेतिकडे होतो, आणि बंदरागणिक वेळ बदलते; पण होडी काढायला एवढं पुरतं. चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकीच उशिरा येते. तिथी हीसुद्धा चंद्राचीच मोजणी, आणि ‘पाऊण’ म्हणजे पाऊण तास. पंचांगात गणित आधीच करून ठेवलेलं असतं, मावशी फक्त शेवटचा गुणाकार करतात.

अमावास्या-पुनवेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात, तेव्हा पाणी जेमतेम हलतं, तो भांग. कारवारला उधाणाचा चढउतार दीड-दोन मीटरच असतो, तर मुंबईला तो चार मीटरच्या पुढे जातो. चंद्र तोच, मग हा फरक का? उत्तरेकडे समुद्रबूड जमीन रुंद आणि उथळ होत जाते, त्यामुळे भरतीची लाट तिथे फुगते. खंबातच्या आखातात तर ती निमुळत्या जागेत कोंडली जाऊन दहा मीटरच्या घरात पोचते.

अशा चंचल पाण्याचं शून्य काढायचं कसं? त्यासाठी किनाऱ्यावर विहिरीसारखी एक उभी नळी बसवत आणि समुद्राचं पाणी तिच्यात लहान भोकातून घेत. भोक लहान असल्यामुळे लाटांची धुसफूस बाहेरच राहते, भरती-ओहोटीची संथ चाल तेवढी आत येते. आत तरंगणाऱ्या डब्याला तार, तार कप्पीवरून पेन्सिलीला आणि पेन्सिल घड्याळाच्या चालीवर फिरणाऱ्या कागदावर. समुद्र स्वतःच्या हाताने आपला आलेख काढत राहतो, दिवसरात्र आणि वर्षानुवर्षं. त्या सगळ्याची सरासरी म्हणजे समुद्रसपाटी. ती कुठल्याही क्षणी डोळ्यांना दिसत नाही. पाणी तिला रोज ओलांडून वर जातं आणि ओलांडून खाली येतं.

भारतीय सर्वेक्षण खात्याने अशी सरासरी नऊ बंदरांवर काढली. त्यांत कराची होतं, मुंबईचं अपोलो बंदर, कारवार, कोची, मद्रास आणि विशाखापट्टण होतं. तिथून दोन पट्ट्या आणि मधोमध दुर्बीण घेऊन माणसं देशभर पावलापावलाने उंची नेत गेली. मागच्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, मग पुढच्या पट्टीवरचा, वजाबाकी करायची आणि पुढे सरकायचं. १८५८ ते १९०९ एवढी वर्षं हे काम चाललं. वाटेत देवळांच्या जोत्यांवर आणि पुलांच्या दगडांवर बाणाच्या खुणा कोरल्या गेल्या. त्यांतल्या काही अजून सापडतात. पाटीवरचा बंगळूरचा आकडा या जाळ्यातून आला आहे.

जाळं पुरं झालं तेव्हा एक भलतीच गोष्ट दिसली. नऊही बंदरांवर पाणी एका पातळीत असायला हवं होतं. प्रत्यक्षात विशाखापट्टणचा समुद्र मुंबईच्या समुद्रापेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर उंच निघाला. सर्वेक्षकांनी व्यवहार म्हणून नऊही ठिकाणी शून्यच धरलं आणि फरक जाळ्यात मुरवला. तो का पडतो याचं उत्तर २००१ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शंकर आणि शेट्ये यांनी मांडलं: मुख्य कारण मीठ. गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी यांचं गोडं पाणी बंगालच्या उपसागरात ओतलं जातं. तिथलं पाणी कमी खारट, म्हणून हलकं, आणि हलकं पाणी जास्त जागा घेतं. अरबी समुद्र खारट आणि जड, तो खाली बसतो.

त्यातही अरबी समुद्राची पातळी वर्षभर एकसारखी राहत नाही. पावसाळ्यात कारवारच्या किनाऱ्यावर लाटा धिंगाणा घालतात तेव्हा समुद्राची सरासरी उलट खाली गेलेली असते, कारण त्या महिन्यांत किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि किनाऱ्याचं पाणी बाहेर ओढलं जातं. त्याची जागा घ्यायला खालचं थंड, अन्नाने भरलेलं पाणी वर येतं. पावसाळा सरल्यावर बाजारात बांगडे आणि तारल्यांचे ढीग पडतात ते याच पाण्यावर पोसलेले.

आणि बंगळूरचं पाणी? शहर एका उंचवट्याच्या पाठीवर बसलं आहे. पश्चिम उतारावरचा पाऊस वृषभावतीतून अर्कावतीला आणि तिथून कावेरीला जातो, पूर्वेकडचा दक्षिण पिनाकिनीला. दोन्ही नद्या शेवटी पूर्वेकडेच वळतात. कारवारच्या समुद्राला त्यातला थेंबही मिळत नाही. सगळं पाणी बंगालच्या उपसागरात जातं आणि तिथलं मीठ आणखी थोडं पातळ करतं.