पेन्सिल सेलच्या पोटात

टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की आपण तो आधी तळहातावर आपटतो. मग झाकण काढून सेल जागच्या जागी गोल फिरवतो. आणि काय आश्चर्य, रिमोट चालतो! तोडगा वाटतो ना? पण यात चक्क रसायनशास्त्र आहे.

स्वस्तातला पेन्सिल सेल सोलला तर आत निघते जस्ताची डबी. डबीत मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड, मधोमध कार्बनची कांडी. पूड ओलसर असते झिंक क्लोराइडनं किंवा नवसागरानं. हो, कल्हईवाल्याचा तोच नवसागर! १८६६ साली लेक्लांशे या फ्रेंच माणसानं हा संसार काचेच्या बरणीत मांडला. पुढे वीसेक वर्षांनी जर्मनीच्या गासनरनं तो कोरडा करून जस्ताच्या डबीत बसवला.

आता सांगा, वीज येते कुठून? जस्त झिजतं, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. म्हणजे डबीच इंधन! चुलीवरचं पातेलंच सरपण म्हणून जळत राहावं, तसला प्रकार. मग जुना सेल पाझरणार नाही तर काय? भिंतच खाऊन झालेली असते.

सेल फिरवल्यानं टोकांवरचा गंजाचा पापुद्रा खरवडला जातो. शिवाय वापरताना आत साचलेली रसायनं तेवढ्या उसंतीत पांगतात आणि सेलला थोडी धुगधुगी येते. पूर्वी ट्रान्झिस्टरचे सेल उन्हात ठेवायचे, तेही बरोबरच होतं: उष्णतेनं रासायनिक क्रिया वेग घेते. मात्र त्याच उष्णतेनं झीजही वाढते, म्हणून नवे सेल सावलीतच बरे.

एक जुना, एक नवा अशी जोडी मात्र लावू नका. जुना संपला तरी नवा त्याच्यातून वीज रेटत राहतो, आणि जुना हमखास गळतो. काटकसर अशी रिमोटच्या मुळावर येते.

रिमोटनं नाकारलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात घालून बघा. घड्याळ चालतं! बटण दाबलं की रिमोटला क्षणभर भरपूर वीज लागते. घड्याळ मात्र घोट घोट पितं. तिथंही तो दमला की सेकंदकाटा बहुधा नवाच्या आसपास जागच्या जागी उड्या मारतो. का? तिथे काटा आडवा असतो आणि त्याला वर चढायचं असतं, म्हणून सगळ्यात जास्त जोर तिथंच लागतो.